पिशवीखालचा करगोटा

कर्जतच्या आमच्या दवाखान्यात मला कुणी सिस्टर म्हणत नाही, पिशवीवाली बाई म्हणतात. जखमांची ओपीडी मी एकटी चालवते. एक खोली, एक टेबल, एक पडदा. खोपोलीच्या कारखान्यांतले भाजलेले येतात, शुगरनं चिघळलेले पाय येतात, आणि ज्यांचं आतडं ऑपरेशनमध्ये पोटावर काढून त्यावर पिशवी चिकटवलीय असे लोक येतात. सर्जन आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस मी आणि माझं फटकळ तोंड.

त्या दिवशी सर्जन नव्हते. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला, वर हॉटेलात भांडी घासणारा एक तरुण आईच्या खांद्यावर भार टाकत आला. टायफॉइडनं आतडं फुटलं होतं म्हणून त्याला पिशवी. घरी पाठवताना बजावलं होतं, आतड्याचं तोंड लाल असेल तर ठीक, काळवंडलं तर धावत या. म्हणून आले होते.

मी पिशवी सोडवली. आतडं बोटभर बाहेर आलेलं, सुजलेलं, पार जांभळं. बुडाशी काळा दोरा रुतलेला. करगोटा! पिशवी लावताना कमरेचा दोरा तिच्याखालून घेतलेला. खोकल्यानं आतडं पुढं सरकलं आणि दोरा मागं अडकून बसला.

"हा कुणी बांधला?"

"मी," आई म्हणाली. "आपरेशनाला नेताना तुमीच तोडलात ना पयला!"

खरं होतं. ऑपरेशनला नेताना आम्ही सगळ्यांचेच करगोटे कापतो आणि बादलीत टाकतो. कुणाला विचारत नाही.

मी कात्री उचलली तर तिनं माझं मनगट पकडलं. "नाय बाय. करगोटा मड्याचा तोडतात. एकदा तोडलात, तवा पोरगा जाता जाता वाचला. आता नाय तोडू देनार."

"अहो मावशी, आतडं मरतंय त्याचं!" मी ओरडलेच. गाठ सोडवायला गेले, तर ती ओली होऊन आवळलेली, नखाला दाद देईना. रुग्णवाहिका चौक गावाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेली. आणि पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवला तरी तिथं काय मंत्र म्हणणार होते? कात्रीच लावणार.

"आयेला नका दुखवू बाई," पोरगा म्हणाला.

"गप रे! तू राहिलास तर आईचं बघू." रागापेक्षा मला भीती जास्त वाटत होती. रंग डोळ्यांदेखत गडद होत चालला होता.

मग मी आवाज उतरवला. "मावशी, आधी नवा बांधा. वर, बरगड्यांखाली, सैल. मग जुना तोडू. मधे क्षणभरसुद्धा तो बिनकरगोट्याचा राहणार नाही."

मी बँडेजची पट्टी पुढं केली. तिनं ती झिडकारली. "पांढरा? जित्या पोराला?"

कपाटात टाके घालायच्या काळ्या रेशमी धाग्याचं रीळ होतं. तो दुहेरी करून दिला. तिनं बोटांनी चाचपला आणि बांधला. मी पुन्हा कात्री घेतली, तर तिचा हात पुढं. "मी बांधला, मीच तोडीन."

दोरा आणि आतड्याच्या मधे मी माझं बोट सरकवलं. तिनं कात्री त्या बोटावर टेकवली, दोरा कापला आणि डोळे गच्च मिटले.

"हायस का रं?"

"हाय, आये."

आतडं जांभळंच. मी ओलं गॉज धरून बघत राहिले.

"हायस का रं?"

"हाय गं."

किती वेळा विचारलं तिनं, देव जाणे. मग कडेला लालसर रेघ उमटली, हळूहळू आत पसरली. "मावशी, उघडा डोळे, रक्त धावलं बघा!" तिनं मान हलवली. डॉक्टर-सिस्टरचं ऐकून ती डोळे उघडणार नव्हती. तिला त्याचाच आवाज हवा होता.

"हायस का रं?"

पोरगा हमसून हमसून रडत होता, त्याला बोलता येईना. ती पांढरीफटक पडली. त्याचा हात उचलून मी तिच्या गालावर ठेवला आणि म्हणाले, "हाय गं आये, हाय."