अजून तीन आठवडे

एशियाड संपलं त्या हिवाळ्यात कुमुदला टायफॉईड झाला. श्यामकांत तेव्हा केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट होता. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तो, कुमुद आणि चौदा वर्षांची वृंदा, एवढंच बिऱ्हाड. कुमुद अंथरुणातून उठली तेव्हा तिची गालफडं बसली होती, जिना चढताना मध्येच थांबावं लागे. फेब्रुवारी सरत आला, धुकं विरलं, रस्त्याकडेच्या सावरींना लाल फुलं आली, आणि एका सकाळी चहा घेताना ती म्हणाली की डॉक्टरांना विचारलंय, उद्यापासून ती पळायला जाणार आहे.

श्यामकांतला हसू आलं. लग्नाआधी अमरावतीच्या कॉलेजात ती आठशे मीटर पळायची, हे तो ऐकून होता. पण सतरा वर्षांत तिनं तो विषय काढला नव्हता.

कुमुदनं शेजारच्या पंजाबी बाईंकडून सलवार-कमीज शिवून घेतली, पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि कॉलनीच्या बागेभोवती फिरू लागली. घाई म्हणून नाही. आधी अंग तापेपर्यंत भराभर चालायचं, मग एका कडुनिंबापासून दुसऱ्यापर्यंत हलकं पळायचं, पुढच्या दोन झाडांपर्यंत परत चालायचं. एक दिवस पळणं, एक दिवस विश्रांती. कॉलेजच्या बाईंनी तिला शिकवलं होतं, आजारातून उठलेल्या माणसाची छाती लवकर तयार होते, हाडं मागाहून. परत आली की दाराच्या चौकटीला धरून पोटऱ्या ताणायची आणि तांब्याभर पाणी प्यायची. पंधरा दिवसांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. स्वयंपाक करताना ती गुणगुणायला लागली.

श्यामकांत एकदा सहज तिच्यासोबत गेला आणि तिचं पळणं बघून चकितच झाला. खांदे सैल, पाऊल अलगद. दुसऱ्या खेपेला तो घड्याळ घेऊन गेला. तिसऱ्या खेपेला सायकलच्या चाकाला खडूची खूण करून त्यानं बागेची फेरी मोजली आणि एका डायरीत तिच्या वेळा लिहायला सुरुवात केली. ऑफिसात लंचला तो त्याच गप्पा मारी. कुमुद चालायला लागली की तो बाकावरून म्हणे, आणखी एक झाड, फक्त एक. आणि ती पळे.

कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींची बैठक होती. तीत मार्चच्या शेवटी क्रीडादिन घ्यायचं ठरलं, बायकांसाठी चारशे मीटरची शर्यत ठेवली. श्यामकांतनं तिथल्या तिथे कुमुदचं नाव दिलं.

“अहो, मला अजून तीन आठवडे हवेत,” ती म्हणाली. “नडगी दुखतेय. बोट ठेवलं की एकाच जागी दुखतं.”

“नडगी म्हणजे?” वृंदानं विचारलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीला तो शब्दच माहीत नव्हता. कुमुदनं सलवार वर करून तिला जागा दाखवली.

“तीन आठवड्यांनी ऊन सोसवणार नाही,” श्यामकांत म्हणाला. “दीड-दोन मिनिटांचं तर काम. मग हवी तेवढी विश्रांती घे.”

त्यानं बाम आणला आणि दोन संध्याकाळी स्वतः चोळून दिला. त्याला वाटलं, आपण तिची काळजी घेतोय.

शर्यतीत निम्म्या अंतरापर्यंत कुमुद सगळ्यांच्या पुढे होती. मग तिची चाल बिघडली. श्यामकांत दोरीला खेटून उभा होता. “कुमुद, चल, थोडंच राहिलंय!” तो ओरडला. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेग घेतला. शेवटच्या वळणावर ती खाली बसली ती उठलीच नाही. दोघा जणांनी तिला उचलून आणलं.

हाडाला चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं की दुखत होतं तर पळाल्या कशाला. कुमुद म्हणाली, चूक झाली. कोणाची, ते ती बोलली नाही, आणि श्यामकांत एक्स-रेकडे बघत राहिला.

हाड जुळून आलं. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी हळूहळू पळायला हरकत नाही असं सांगितलंही. कुमुद म्हणाली, बघू. पुढच्या वसंतातही तेच म्हणाली. त्यानंतर विचारायचं श्यामकांतला धाडस झालं नाही. त्यानं डायरी कपाटात फायलींखाली टाकली, सकाळी लवकर ऑफिसला निघू लागला. पळण्याचा विषय घरातून गेला, आणि तिचं गुणगुणणंही.

रिटायर झाल्यावर ती दोघं फरीदाबादला फ्लॅटमध्ये राहायला गेली. एका फेब्रुवारीत दोघं गॅलरीत बसली होती. खाली पार्कात साठीच्या घरातली एक बाई थोडं पळत, थोडं चालत होती. कुमुद तिच्याकडे बराच वेळ बघत होती.

“तेव्हा मी तुला थांबू द्यायला हवं होतं,” श्यामकांत म्हणाला. वीस वर्षं त्यानं हे वाक्य मनात घोळवलं होतं.

“मलाही ‘नाही’ म्हणता आलं असतं की,” कुमुद शांतपणे म्हणाली. “पण लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे इतकं कौतुकानं बघत होता. मला ते घालवायचं नव्हतं.”

पायाला प्लास्टर चढल्यापासून आपण तिच्याकडे तसं पुन्हा कधी पाहिलंच नाही, हे श्यामकांतला तेव्हा कळलं. शरमेनं तोंड लपवावंसं वाटत होतं, म्हणून पाहिलं नव्हतं. पण तिला ते कसं ठाऊक असणार? त्यानं सांगायला तोंड उघडलं, तोवर कुमुद उठून आत गेली होती.