डोंग्यातला बर्फ

शहराबाहेरच्या वाडीत, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात रुपरावने अठ्ठावीस वर्षं माल उतरवून घेतला. शब्दाचा पक्का माणूस. त्याने 'माल बरोबर' म्हटलं की मालक उठून पाहत नसे. खोटा ठरला तो फक्त घरात, तेही एकदाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी, माघातल्या एका सकाळी, कुहीजवळच्या आपल्या गावी तो तळ्यावरून आला नि म्हणाला, "तलावाच्या काठाले बरफ जमला." नवी नवरी वच्छला तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून छत्तीस वर्षं, बारसं असो की तेरवी, ती हा किस्सा सांगे. तेरवीतही लोक हसत.

यंदा माघात शेतातलं लाखोळीचं पीक काढायला दोघं गावी आली. तिसऱ्या दिवशी अशी थंडी पडली की कुत्री चुलीच्या राखेत शिरली. रुपरावने उजाडताच मफलर गुंडाळला.

"चाल वं."

"कुठी?"

"तलावावर. आज दाखवतोच."

"छत्तीस वर्षांनं?" ती हसली, पण शाल घेतली.

तळं आटून मागं सरकलं होतं. पाण्यातून वाफा निघत होत्या. गवतावर पांढुरकं दव होतं; बर्फ नव्हता. म्हशींच्या खुरांच्या एकेका ठशात रुपराव वाकून पाहत होता. अर्धा काठ संपला. ऊन तळ्याच्या पाळीवर, बांधावर चढलं, तशी त्याची चाल वाढली. ते खाली काठावर उतरलं, की बर्फ विरणार नि तो पुन्हा खोटाच.

"जाऊ द्या ना जी," वच्छला दमून म्हणाली. "मानलं मी."

"मानू नको. पाह्य."

पुढे बाभळीच्या सावलीत मासे धरणाऱ्यांचा डोंगा, लहानशी लाकडी होडी, काठावर ओढून ठेवला होता. तळाशी ओंजळभर पाणी. ते हलत नव्हतं. रुपराव थांबला नि बाजूला सरकला. वच्छलाने बोट लावलं. कट्‌ झालं. तिने तुकडा उजेडात धरला. सायीएवढा पातळ, आत बाभळीचं एक पान अडकलेलं.

"हा तं डोंग्यात आहे. तुमी तलाव सांगतला होता."

"वच्छले!"

पण ती हसत नव्हती. तळहातावर तुकडा विरेपर्यंत पाहत राहिली.

"तवा मले काहून नाही आणलं जी?"

"तुले नेऊ का, आईले विचारलं होतं. आई म्हणे, भाकरी कोन टाकीन मंग?"

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने ओला हात त्याच्या मफलरला पुसला.

घरी धाकटी जाऊ सिंधू अंगणात चहा गाळत होती. जवळ दोन शेजारणी, हसायच्या तयारीत.

"काय वं बाई, सापडला का बरफ?" एका शेजारणीने विचारलं.

वच्छला ऐसपैस बसली. "सापडला म्हंजे? सारा काठ जमलेला! बोटभर जाड. मी सोता पाय देऊन पाह्यला."

शेजारणी रुपरावकडे वळल्या. "खरंच जी? बोटभर?"

रुपरावने बशीत चहा ओतला, एक फुंकर मारली.

"बोटभर," तो म्हणाला.