लोखंडी कपाटाला टेकवलेली बेस गिटार

शांततेला घाबरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. हा माझा आतेभाऊ. माझ्याहून बराच मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते; तो मात्र उलट मलाच ताई म्हणतो. लग्न न केलेला. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर म्हणून त्याने सगळी नोकरी काढली आणि राहिलाही तिथेच, मशीनला लागून असलेल्या खोलीत. रात्रंदिवस कॉम्प्रेसरची घरघर. ती चालू असली की आतली द्राक्षं सुखरूप, थांबली की धावाधाव. त्यामुळे बाकीच्यांना आवाजाने जाग येते तशी दादाला आवाज थांबल्यावर येते. निवृत्त झाल्यावर "तुझ्याजवळ राहीन म्हणतो, ताई" असं म्हणून त्याने नाशकात आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच सकाळी तांबारलेले डोळे घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "इथं सगळं बंद पडल्यावानी वाटतंय गं," म्हणाला.

त्याच्या सवयी सांगाव्यात तेवढ्या थोड्या. भर मे महिन्यात तो बिनबाह्यांचा स्वेटर घालून फिरतो. उघडं दार त्याला बघवत नाही. शेजारी सत्यनारायण होता, माणसं जिन्यापर्यंत उभी, आणि हा आत येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे जाऊन दार लावत होता. "थंडी जाती बाहेर," असं त्याने घामाघूम झालेल्या गुरुजींना समजावून सांगितलं. बोलतो तो मशीनच्या वर आवाज काढून, त्यामुळे त्याला चहा हवाय हे पलीकडच्या इमारतीलाही कळतं. आणि जाईल तिथे भिंतीला तळवा लावून जरा वेळ थांबतो. मशीन बरं चाललंय की नाही ते म्हणे कानाआधी हाताला कळतं. माझ्या घरात आला तेव्हाही त्याने भिंतीला हात लावला आणि नापसंतीने मान हलवली. मला राग आला. यजमान गेल्यापासून आणि मुलं पुण्याला गेल्यापासून या शांततेशी मी मोठ्या कष्टाने जुळवून घेतलं होतं.

झोपेसाठी त्याने काय नाही केलं! नवा फ्रिज आणला, तर तो आवाजच करेना. "बिघडलेला दिलाय," म्हणून दादा दुकानदाराशी भांडून आला. मग घरघंटी आणली आणि दळायला काही नसताना रिकामी फिरवत बसला. सोसायटीने ती बंद करायला लावली. "परत जा मग पिंपळगावला," मी वैतागून म्हटलं. तो म्हणाला, "तिथं आता नवा माणूस राहतो, ताई. माझी खाट पण त्यालाच दिली."

आणि एके दिवशी कॉलेज रोडवरून जाताना एका वाद्यांच्या दुकानातून त्याला थेट कॉम्प्रेसरसारखा आवाज ऐकू आला. आत न जाता त्याने आधी बाहेरून काचेला हात लावला. हाताने होकार दिल्यावर आत शिरला. "नातवासाठी का?" दुकानदाराने विचारलं. "मला," दादा म्हणाला, आणि इलेक्ट्रिक बेस गिटार घेऊन रिक्षातून घरी आला.

मला तातडीने वर बोलावलं. गिटार वांग्याच्या रंगाची, चकचकीत, आणि वजनाला अशी की गळ्यात अडकवल्यावर दादा पुढे झुकला. हिला चारच तारा, त्याही दोरीसारख्या जाड. "गिटारीला सहा असतात ना?" मी विचारलं. "ही कमी बोलनारी हाय," तो म्हणाला. मग त्याने तार छेडली आणि काहीच झालं नाही, नुसतं डास गुणगुणल्यासारखं वाजलं. दादाचा चेहरा पडला. विजेच्या गिटारीला आवाजाची वेगळी पेटी लागते, हे दुकानदाराने सांगितलं होतं, पण दादा तेव्हा हात लावून ऐकण्यात गुंग होता. गिटार गळ्यात तशीच ठेवून तो खाटेवर बसला. उठताना त्याचा तोल गेला आणि गिटारीची मान लोखंडी कपाटाला टेकली. त्याच वेळी अंगठा तारेवर पडला आणि अख्खं कपाट घुमलं. आतले हँगर किणकिणले. माझ्या तळपायांना कळलं.

दादाने कपाटाला तळवा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "हेच ते," म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. पेटी त्याने अजूनही घेतलेली नाही.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो खाटेच्या कडेला बसतो, गिटारीची मान कपाटाला टेकवतो आणि एकच तार वाजवतो. एकच. "बाकीच्या तीन?" मी विचारलं. "त्या स्टँडबाय," तो म्हणाला. मशीनं आलटून पालटून चालवावी लागतात, एकावरच लोड नको, म्हणून दर सोमवारी तो तार बदलतो. यात गाणं नाही की ताल नाही. खाली माझ्या मांडणीवरची ताटं मात्र थरथरतात. त्याला झोप लागू लागली आणि माझी चिडचिड सुरू झाली. सोसायटीकडे तक्रार करायची असं मी रोज ठरवायचे.

मग एका संध्याकाळी ताटं गप्पच राहिली. मी कणीक मळत होते. थोडं थांबले. पुन्हा कान दिला. काहीच नाही. कणकेच्या हातांनीच मी जिना चढले. दार अर्थातच घट्ट लावलेलं. मी ते दोन्ही हातांनी बडवलं.

दादाने उघडलं. अंगठ्याला चिंधी बांधली होती. "फोड आलाय. आज मशीन बंद," म्हणाला. मग दारावर उमटलेल्या कणकेकडे बघत त्याने विचारलं, "पळत आलीस?"

"मग काय करू!" मी ओरडलेच.

तो हसला, आणि मी पहिल्यांदाच त्याला हळू आवाजात बोलताना ऐकलं. "तिकडं असंच व्हायचं. मशीन चालू असलं की कोणी फिरकायचं नाय. बंद पडलं की मालक, हमाल, टेम्पोवाले, सगळे पळत यायचे. खोली भरून जायची. कधी कधी लय वाटायचं, पडावं बंद. पण आत द्राक्षं असायची ना."

मी हात धुतले. खाटेवर बसून गिटार मांडीवर घेतली, मान कपाटाला टेकवली. "कुठली तार?" मी विचारलं. त्याने दाखवली. मी ती ओढली. कपाट घुमलं, आणि खाली माझ्या घरातली ताटं वाजली. रिकाम्या घरात ती वाजताना वरून कशी ऐकू येतात, ते मला त्या दिवशी कळलं.

"चाललंय बरं," दादा म्हणाला. त्याचा हात कपाटावर होता. मी वाजवत राहिले.