पेशंटच्याच शब्दांत

नोकरी सोडून दीड वर्ष झालं तरी बाबा माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड लोकांना वाटत होते. हे मला कळलं ते एका अनोळखी माणसाच्या फोनमुळे. त्याला पुतण्याला कुठेतरी सेल्समध्ये चिकटवायचं होतं. घाटकोपरला बँकेच्या रांगेत माझ्या वडिलांनी त्याला कार्ड दिलं होतं आणि मुलगा मोठ्या पोस्टवर आहे असं सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, तो मुलगा आता कांदिवलीत लोकांच्या पोटावर माती थापतो. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

बाबांचा आणि कार्डांचा संबंध जुना. गिरणी बंद पडल्यावर ते फोर्टातल्या एका ऑफिसात शिपाई म्हणून लागले. भेटायला आलेल्या माणसाचं कार्ड साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन द्यायचं आणि साहेब काय म्हणतात ते बाहेर येऊन सांगायचं, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं आत पोचवली. त्यामुळे मी अंधेरीच्या एका पॅकेजिंग कंपनीत मॅनेजर झालो तेव्हा त्यांनी पेढे मागितले नाहीत, कार्डांचा एक डबा मागितला. पुढे माझा हुद्दा बदलला की डबाही बदलायचा. शेवटच्या डब्यातल्या कार्डांवर माझ्या नावाखाली 'पश्चिम विभाग प्रमुख' असं इंग्रजीत छापलेलं होतं, आणि तो डबा अजून अर्धा भरलेला होता.

मी चिडून त्यांना फोन केला. मला खोटं पाडू नका, असं म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच. तुम्हाला माझी लाज वाटते का, असं मी विचारलं. बाबा त्यांच्या मालवणीवर आले. म्हणाले, "लोकांका काय सांगू? झिल चिखल थापता म्हणान?" मी फोन ठेवला. त्यानंतर चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई गेल्यापासून ते घाटकोपरच्या घरात एकटेच राहत, आणि मी त्या घरापासून दोन मेट्रोंच्या अंतरावर माझा हेका धरून बसलो होतो.

नोकरी सोडली ती कुठल्या साक्षात्काराने नाही. पित्ताने माझा जीव नकोसा केला होता. बायकोने जबरदस्तीने दहा दिवसांसाठी एका निसर्गोपचार केंद्रात पाठवलं. तिथे पहिल्याच दिवशी फोन काढून घेतला आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून मला वीस मिनिटं पडून राहायला सांगितलं. बावीस वर्षांत वीस मिनिटं मी कधी नुसता पडलो नव्हतो. कंपनीत असताना माझ्या फोनवर एक तयार मेसेज होता. मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो. फोन वाजला की कोणाचा ते न बघताच अंगठ्याने तो पाठवायचा. पुष्कळदा मीटिंग नसायचीच, मी चहा पीत असायचो. त्या मातीखाली पडल्या पडल्या मला रडू आलं आणि ते का आलं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. वर्षभराने मी राजीनामा दिला. बायकोने विरोध केला नाही. तिने फक्त त्याबद्दल विचारणं सोडून दिलं, आणि विरोध झाला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

बोरिवलीच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे मी हे काम शिकलो. त्यांची शिस्त कडक होती. पहिल्या भेटीत उपचार नाही, फक्त केसपेपर. तासभर विचारायचं, ऐकायचं आणि पेशंटच्याच शब्दांत लिहायचं. एकदा एक पेशंट म्हणाला, डोक्यात मुंग्या चालतात, पण रांगेत चालत नाहीत. मी लिहिलं, डोकेदुखी. बाईंनी तो कागद माझ्यासमोर फाडला. तू विकायला बसला आहेस की ऐकायला, असं त्यांनी विचारलं. खरं तर गिऱ्हाइकाचं वाक्य आपणच पुरं करायचं, यावरच माझं पोट भरलं होतं. ती खोड जायला मला वर्ष लागलं, आणि गेली असं आजही छातीठोकपणे सांगवत नाही.

मग कांदिवलीत एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर खोली घेतली. तिथे आधी झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसाला चार माणसं आत यायची आणि त्यातली तीन झेरॉक्स कुठे हलवलं ते विचारायची. मी सकाळी माती भिजवायचो, चादर बदलायचो आणि खुर्चीत बसायचो. दुपारी समोरच्या पाळणाघरातल्या मुलांना झोपवण्याची धडपड ऐकू यायची. कंपनीतल्या मित्रांचे फोन पहिले दोन महिने आले. नंतर आले ते फक्त वाढदिवसाला, मग तेही नाहीत. कोणी विचारलंच तर मी सांगायचो, जोरात चाललंय. सेल्सवाला उपाशी मेला तरी ढेकर देऊन मरतो.

या सगळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी एकदा माझ्या उपचाराच्या टेबलावर येऊन झोपावं. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. शर्ट घालताना ते आधी तो हात बाहीत घालायचे आणि मग उरलेला शर्ट अंगाभोवती फिरवून आणायचे. वयाने होतं, एवढंच ते सांगत. मी नवीन शिकलो होतो तेव्हा दोनदा म्हटलं, या, बघतो. दोन्हीदा त्यांनी विषय बदलला. पिकतं तिथे विकत नाही, हे मला माहीत होतं, पण ते सोसणं वेगळं. परक्या शंभर माणसांनी माझ्यावर विश्वास टाकला असता आणि बाबांनी टाकला नसता, तर माझ्या लेखी तो धंदा बुडीतच होता.

त्या फोननंतर चार महिन्यांनी, एका बुधवारी साडेअकराच्या सुमाराला ते आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. दारात चपला काढल्या आणि बाहेरच्या बाकावर बसले. दुसरं कोणीही नव्हतं, तरी बसले. बाकाच्या कडेला पुढे सरून, गुडघ्यांवर हात ठेवून, साहेबांना भेटायला आलेली माणसं जशी बसत असतील तसे. मी दारात गेलो आणि आत चला म्हटलं. ते उठले, आत आले, खिशातून एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. माझंच जुनं कार्ड.

"यांच्या ओळखीने आलोय," ते म्हणाले. "खांदा दाखवायचाय. तुम्ही विचारा, मी सांगतो."

मला 'तुम्ही' म्हणायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. ही थट्टा आहे की भांडण पुढे चाललंय, मला ठरवता येईना. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. शेवटी मी नवा केसपेपर काढला आणि नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. त्यातलं पहिलं नाव पन्नास वर्षं माझ्या नावाच्या मध्ये आहे, पण ते पेशंटचं नाव म्हणून मी पहिल्यांदाच लिहीत होतो.

वय, भूक, झोप. झोप पहाटे तीनला उडते. मग काय करता? चहा करून गॅलरीत बसतो, दूधवाला येईपर्यंत. दिवसभरात बोलणं कोणाशी होतं? दूधवाल्याशी. शनिवारी देवळात गेलो तर पुजाऱ्याशी. घरी कोण येतं? गॅसवाला. मी खाली मान घालून लिहीत होतो. परक्या माणसांना हे प्रश्न मी शांतपणे विचारत आलो होतो आणि बाबांना आयुष्यात एकदाही विचारले नव्हते. त्यांना ते कोणीतरी विचारावेत असं किती दिवसांपासून वाटत होतं, हे त्यांच्या उत्तरांच्या वेगावरून कळत होतं.

मग खांद्यावर आलो. कधीपासून दुखतो? तीन वर्षं झाली. बाथरूममध्ये पाय घसरला, उजव्या अंगावर पडलो. शेजारच्यांनी हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. हाड जुळलं, हात मात्र तिथेच राहिला. मी लिहिलं. वयाने होतं असं सांगणारे बाबा माझ्यासमोर बसले होते आणि मी पुढचा प्रश्न विचारला, कारण तो कागदावर छापलेलाच आहे. घरच्यांना हे कधी सांगितलंत?

ते बराच वेळ हातावरचं घड्याळ चाळवत राहिले. बोलले तेव्हा ते 'तुम्ही' कुठच्या कुठे गेलं होतं.

"तुका फोन केल्लो," ते म्हणाले. "थंयच, जमिनीर पडान. तुझो मेसेज इलो. इंग्लिशमदी हुतो, माका वाचूक येना. मग शेजाऱ्यान वाचून दाखवलो. तू मीटिंगीत हुतंस."

मला तो फोन आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला, तेव्हाही आणि नंतरही. नंतर फोन केला का, तेही आठवत नाही. केला असेल तर त्यांनी सगळं ठीक आहे असं सांगितलं असेल. आणि त्यानंतर ते त्याच हाताने बँकेच्या रांगेत लोकांना माझं कार्ड देत राहिले, कारण ज्याला फोन उचलायला फुरसत नाही तो मुलगा नक्कीच फार मोठा असणार.

माझं पेन थांबलं होतं. बाबांनी कागदाकडे बोट दाखवलं आणि लिहायला सांगितलं. मी लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, जमिनीर पडान आणि मीटिंगीत हुतंस सकट. एकही शब्द बदलला नाही. बाईंनी तो कागद फाडला नसता.

पहिल्या दिवशी उपचार नाही हा नियम मी मोडला. खांद्याला गरम पाण्याचा शेक दिला, मग कोमट मातीची पट्टी ठेवली. डॉक्टरांना पुन्हा एकदा दाखवून घेऊ, मी बरोबर येईन, असं सांगितलं, आणि ते हो म्हणाले. वीस मिनिटं ते डोळे मिटून पडून होते. मी स्टुलावर बसलो होतो. मला माफी मागायची होती, पण एवढ्या वर्षांच्या विकण्यानंतर माझा कुठलाच चांगला शब्द मला खरा वाटत नव्हता. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो. हात खूप हलका झाला होता.

जाताना त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं नाही. चपला घालून दारात उभे राहिले आणि पुन्हा कधी यायचं ते विचारलं. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी, याच वेळेला. त्यांनी मान हलवली, पण निघाले नाहीत.

"तेव्हा असतलंस मा तू?"

"असेन," मी म्हटलं. "मी दिवसभर इथेच असतो, बाबा. कोणी येत नाही."