पुसायची सवय

विमलबाईंनी चित्रं काढायला सुरुवात केली ती अननसामुळे. ब्याण्णव साली तिसगावात प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला, बाई पाटी-पेन्सिल घेऊन गेल्या आणि पहिल्याच दिवशी अननस आडवा आला. जन्मात न पाहिलेलं फळ कशाला गिरवायचं, म्हणून त्यांनी आपली शेळी काढली. अक्षरं पुढे शिकल्याच, पण चित्रं काही सुटली नाहीत.

तेव्हापासून रोज भाकऱ्या झाल्या की एक चित्र. नवरा रंभाजी, सासूबाईंचा रुसवा, चुलीपाशी बसलेलं मांजर. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पाटी कोरी. गल्लीत भांडण झालं की दुसऱ्या दिवशी ते पाटीवर दिसायचं. मी शेजारीण, माझंही नाक एकदा तिथं सापडलं, आणि खोटं कशाला बोलू, हुबेहूब होतं.

अठ्ठ्याण्णवला त्यांच्या सायलीचं पुण्याला लग्न ठरलं. ती नगरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिचं एकच मागणं होतं, आईच्या हातचं एक चित्र सोबत न्यायचं. तिनं चांगला जाड कागद आणला, तर बाईंचा हात आखडला.

"चुकलं तर ते तसंच ऱ्हातं ना," त्या म्हणाल्या. "आपली पाटीच बरी हाय."

कागदामागून कागद वाया गेला. लग्न तोंडावर आलं तशी सायली हट्टाला पेटली आणि रविवारी आईला एस.टी.नं क्लासवर घेऊन गेली. मलाही बांगड्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी सोबत गेले.

"इथं पुसता येतं, आई," सायलीनं सांगितलं.

एवढं ऐकलं आणि बाई खुलल्या. माउस आधी बुजऱ्या कालवडीसारखा पळाला, मग हाताखाली आला. बऱ्याच वेळानं पडद्यावर रंभाजी उतरले: बाजेवर उताणे, तोंड उघडं, बाजेखाली कुत्रं, त्याचंही तोंड उघडं. मी हसून हसून बेजार झाले. सायली प्रिंटरला कागद लावायला उठली.

ती वळून बघते तर पडदा कोरा. चित्र झालं, आता पुसायचं, एवढंच बाईंना ठाऊक. त्यांनी पडद्यावरचं खोडरबर शोधलं होतं आणि हात न उचलता सगळं लख्ख पुसलं होतं.

सायली रडकुंडीला आली. मग तिला आठवलं, शेवटचं केलेलं मागं घेता येतं. तिनं दोन कळा दाबल्या आणि रंभाजी कुत्र्यासकट परत आले.

"पुसल्यालं माघारी येतं व्हय?" बाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू रांगायचीस ते दिस बी आन की मंग."

सायलीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. प्रिंटर किरकिरत राहिला.

ते चित्र पुण्याला गेलं. लग्नाच्या सकाळी, त्या धांदलीतही, बाईंनी पाटीवर सायली काढली, दारात वाकून चप्पल घालताना. संध्याकाळी मुलगी गेली. बाईंनी फडकं ओलं केलं, पण पाटी पुसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकऱ्या झाल्या की त्या नुसत्या पाटीकडे बघत बसायच्या. नवं काढायला जागाच उरली नव्हती. माझा जीव तुटायचा.

बाजाराच्या दिवशी रंभाजी बाजार करून घरी आले. पिशवीतून भाजीच्या आधी त्यांनी नवी पाटी काढली आणि बायकोपुढे ठेवली.

"ती ऱ्हाऊ दे भिंतीला," ते म्हणाले. "हिच्यावर मला काढ. पन तोंड मिटल्यालं."