एक जूनची माणसं

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो फुलंब्रीजवळच्या आमच्या शाळेतल्या गुरुजींचा. त्यांनी मला अक्षरं दिली, पुढं शिकायला ढकललं आणि या सगळ्याच्या आधी जन्मतारीख दिली.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. आई मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "बाई, पोरगं कधी झालं?"

"दुस्काळात, गुरुजी. खडी फोडत व्हते तवा."

"तारीख?"

"तारीख कुणाला ठावं? ऊन लई व्हतं बघा."

गुरुजींनी एक जून लिहिलं. मागच्या पोराची आई म्हणाली, आमचं थंडीतलं. त्याचंही एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची, तोवर वय पुरं भरायला हवं, एवढा साधा हिशेब. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला. गुरुजी स्वतःही त्यातलेच. त्यांना त्यांच्या गुरुजींनी जन्माला घातलं होतं.

बी.ए. होऊन मी शहरातल्या एका दैनिकात लागलो. शहर करमाडच्या दिशेनं पसरत होतं. कॉलन्यांना नावं आधी मिळत, पाणी मागाहून, टँकरनं. माझ्याकडं 'दिनविशेष' हे सदर आलं. त्या तारखेला कुठला राजा मेला, कुठलं जहाज बुडालं. पहिल्या पानावर दुष्काळ असला तरी आमच्या सदरात जहाज बुडायला पाणी कधी कमी पडलं नाही.

गुरुजी ते सदर रोज शाळेच्या फळ्यावर, सुविचाराखाली उतरवत. मे अखेरीस ते निवृत्त होणार होते. निरोपाला गेलो तेव्हा हसत म्हणाले, "राजे लई झाले. एक जूनला आमचं छापतो का?"

"छापतो, गुरुजी," मी शब्द दिला.

आमच्या संपादक साहेबांच्या घराण्यात पंचांग पिढीजात. स्वतःच्या जन्माची घटकासुद्धा त्यांना पाठ. माझा मजकूर वाचून त्यांनी चष्मा काढला.

"खेड्यातला मास्तर निवृत्त झाला, हा दिनविशेष?"

"त्यांचा वाढदिवसही आहे, साहेब."

"तुझा कधी असतो?"

"एक जून."

चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला, "माझा बी." दारातला ड्रायव्हर हसला, "अपना बी वइच है, साब."

"तुमच्याकडच्या बायका काय शाळेची घंटा ऐकून बाळंत होतात?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. गुरुजींच्या ओळीवर लाल रेघ आली आणि त्या जागी दख्खनची राणी आणि पुण्याहून नगरला निघालेली पहिली एसटी बसली.

शहरातल्या छावणी भागातल्या टपालपेटीत मी पत्र टाकलं:

"ती. गुरुजींना सा. न.

एक जूनच्या अंकात तुम्ही नाही. एक आगगाडी आहे आणि एक एसटी आहे. दोन्ही आपल्या गावाला न आलेल्या. साहेब म्हणतात, जागा नव्हती. तेही खरंच. तुम्ही जन्माला घातलेली माणसं छापायची म्हटलं तर जाहिराती काढाव्या लागतील.

तुमच्या गुरुजींनी घाईत लिहिलेल्या तारखेनं आज तुम्हाला घरी बसवलं. तुम्ही लिहिलेली एक दिवस मलाही बसवेल. तोवर साहेबांच्या विनोदांना हसायची नोकरी आहे.

तुमचा दिनविशेष खाली देतो. फळा आता तुमचा नाही, पण खिशात खडू असेलच. देवळाच्या भिंतीवर लिहा.

१ जून: मराठवाड्यातल्या शाळाच्या शाळा जन्माला आल्या. आयांना कळवण्यात आलं नव्हतं.

आपला,
त्याच दिवशीचा"