माठाला लागलेला हात

"हिला माठाला हात कुणी लावू दिला?"

सून बोलली. माझ्याशी न्हाई, नवऱ्याशी. मी तिथंच उभी व्हते, हातात तांब्या घेऊन. तिच्या सासूला पाणी पायजे व्हतं. मी म्हातारीचं ढुंगण धुतलं, मग साबणानं हात धुतले, मग माठात तांब्या बुडवला. एवढाच माझा गुन्हा.

अमेरिकेतनं आलेला लेक उठला. माठ उचलून अंगणात नेला अन् डाळिंबाच्या बुडाशी उपडा केला. मला म्हणाला, "तू आईचं घाणीचं बघतेस ना, तेवढंच बघ. पाणी आम्ही देऊ." सकाळीच दोघं ओझरच्या गणपतीला जाऊन आली व्हती. प्रसादाचा पेढा माझ्या हातावर वरनं टाकला व्हता. मी तो खाल्लाबी, याची आता शिसारी येते.

जुन्नरजवळचा त्यांचा बंगला. जमीन बागायती, लेक परदेशात, म्हातारीला लकवा मारलेला. आमी आहुप्याकडची डोंगरातली माणसं. भात-नाचणीवर वरीस निघत न्हाई, म्हणून मी कामाला खाली उतरले. त्यांचा लेक लांब गेला, तर त्याच्या आईला मी मिळाले. मी लांब गेले, तर माझ्या आयला कोण? कुणीच न्हाई. ती एकटीच राहायची. म्हातारीच्या तोंडात घास घालायला माझा हात चालत व्हता. माठालाच चालला न्हाई, अन् तोबी ही दोघं आल्यावर. म्हातारी सगळं बघत व्हती. अडखळत का व्हईना, तिला बोलता यायचं. ती काय बोलली न्हाई.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतला एक भाऊबंद एसटीनं आला. आय झऱ्यावर पडली, उठता येत न्हाई म्हणाला. मी लेकाला सांगितलं, मी निघाले.

"असं कसं? परवा आमचं विमान आहे. आईला कोण बघणार?"

"अन् माझ्या आयला?"

"बघेल की वाडीतलं कुणीतरी. तुम्हा लोकांना सवय असते."

सवय. तेवढ्यात म्हातारीनं अंथरुणात केलं. वास सुटला. सून नाकाला रुमाल लावून बाहेर गेली. लेक माझ्या तोंडाकडं बघायला लागला. स्वतःच्या आईची किळस त्याला, अन् घाण निस्तरायला मी.

"बादली मोरीत हाय," मी म्हणले. "फडकी दोरीवर. तुमीबी सवय लावून घ्या."

म्हातारीनं चांगल्या हातानं माझा पदर धरला. "पोरी, जाऊ नको." जीव तुटला, खोटं कशाला बोलू. काल एक शब्द बोलली असती, तर निदान पाया पडून निघाले असते. पदर सोडवला अन् गेले.

घोडेगावला गाडी बदलली. घरी पोचले तर आय ओल्यात पडलेली. तिला धुतलं, कोरडं लुगडं नेसवलं, अन् त्याच हातानं मडक्यातलं पाणी दिलं. घटाघटा प्याली.

पगार वाढवतो म्हणून त्या घरनं निरोप आले. गेले न्हाई. आय परत चालली न्हाई. ती व्हती तोवर मीच केलं, अर्ध्या पोटी केलं. गूची किळस मला कधी आली न्हाई. त्या माणसांची आजून येते.

आता वाडीतल्या पोरी खाली कामाला निघाल्या की मी सांगते. जा. पण पयल्या दिवशी, सगळ्यात आधी, माठाला हात लावा. कुणाचं तोंड वाकडं झालं तर चपला घाला अन् मागं फिरा. त्यांची म्हातारी त्यांना धुवू द्या.